अकरा हजार ओव्यांचा वारसा

मराठी भाषेच्या थोरवीचा विषय निघावा आणि फादर स्टीफन्सचे नाव निघू नये, असे सहसा होत नाही. २७ फेब्रुवारीला शाळाशाळांतून मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो, तेव्हा फळ्यावर सुविचाराच्या जागी त्याच्या ओव्या लिहिल्या जातात. मराठीला दिलेल्या रत्नाच्या, मोगऱ्याच्या, कस्तुरीच्या उपमा मुलांना तोंडपाठ असतात. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि या अभिमानाला आणखी भरते आले. ते यावेच. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एका पाद्र्याने आपल्या मायबोलीला दिलेले हे प्रशस्तिपत्र आपण मोठ्या कौतुकाने चौकटीत घालून भिंतीवर लावले आहे.

पण हे प्रशस्तिपत्र ज्या ग्रंथात आहे, त्या ग्रंथाचे काय? 'ख्रिस्तपुराणा'त जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. त्यांतल्या चार-पाच आपण उचलल्या आणि बाकीच्या माळ्यावर टाकून दिल्या. एखाद्या घरी आजोबांनी लिहिलेली मोठी बखर असावी आणि नातवंडांनी तिच्यातले आपल्या कुळाची स्तुती असलेले तेवढे पान फाडून जपावे, तसा हा प्रकार आहे. लेखकाचा वारसा जपणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न म्हणूनच मला या ग्रंथाच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

प्रथम त्या माणसाची ओळख. टॉमस स्टीफन्स १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्टशायर परगण्यात जन्मला. तेव्हाच्या इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या अमलाखाली कॅथलिक धर्म पाळणे हा गुन्हा होऊन बसला होता. त्याच्या एका जिवलग मित्राला त्यापायी तुरुंगात खितपत पडावे लागले. स्टीफन्स रोमला गेला, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला, आणि १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्याला उतरला. तिथून त्याने वडिलांना लिहिलेले प्रवासाचे पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला, इतिहासाला ठाऊक असलेला पहिला इंग्रज तो हाच. पण व्यापारासाठी तो आला नव्हता आणि परतही गेला नाही. गोव्याच्या साष्टी महालात त्याने जवळजवळ चाळीस वर्षे काढली आणि १६१९ मध्ये तिथेच देह ठेवला.

या काळाचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे, तर पैठणला एकनाथमहाराज हयात होते, हे लक्षात घ्यावे. नाथांनी १५९९ मध्ये समाधी घेतली, आणि 'ख्रिस्तपुराण' राशोल येथे १६१६ मध्ये छापून निघाले. तुकोबा तेव्हा देहूला बाळपणात होते. भागवत आणि रामायण लोकांच्या बोलीत आणण्याचा जो उद्योग नाथांनी गोदातीरी केला, त्याच जातीचा उद्योग हा परका माणूस जुवारीच्या काठी बायबलासाठी करीत होता. दोघांची भेट झाली नाही, पण ओवी दोघांचीही एकच.

हा ग्रंथ का लिहिला गेला, ते स्टीफन्सने पहिल्याच अवस्वरात सांगितले आहे. (अध्यायाला तो अवस्वर म्हणतो.) साष्टीतल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, धर्मशिक्षण चालले असता नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठतो आणि विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न साधा आहे, पण त्यात एका समाजाचा सारा हुंदका साठलेला आहे. माणूस धर्म बदलतो, नाव बदलतो, पण संध्याकाळी दिवा लागल्यावर चार माणसांत बसून पोथी ऐकण्याची त्याची भूक कुठे जाणार? या भुकेला उत्तर म्हणून हे पुराण जन्माला आले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. स्टीफन्सची स्तुती करताना बरेच जण ती गिळून टाकतात, आणि त्याची निंदा करणारे तेवढी एकच सांगतात. ही पुराणे आपोआप बंद झाली नव्हती. साष्टीतली देवळे पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेज्वीट पाद्र्यांना ठार केले. पुढे गावच्या प्रमुखांना वाटाघाटीसाठी बोलावून पोर्तुगीजांनी त्यांचा जीव घेतला. मेलेल्या पाद्र्यांचे देह गावातून मिळवण्याची खटपट स्टीफन्सने केली होती. म्हणजे ही ओवी रक्त सांडलेल्या भूमीवर उगवली आहे. ते विसरून तिचे गोडवे गाणे ही लबाडी होईल. पण तेवढ्यासाठी तिला मराठीच्या अंगणाबाहेर काढणे हाही न्याय नव्हे. ज्या गरीब शेतकऱ्याने ती ऐकली आणि म्हटली, त्याने काही कोणाचे देऊळ पाडले नव्हते.

आता ग्रंथाकडे वळू. त्याचे दोन भाग आहेत. ३६ अवस्वरांच्या पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची जुन्या कराराची कथा येते, आणि ५९ अवस्वरांच्या दुसऱ्यात येशूचे चरित्र. पोर्तुगीज नाव होते 'ख्रिस्ताच्या आगमनाविषयी विवेचन' अशा अर्थाचे. पण लोकांनी त्याला पुराणच म्हटले, आणि लोकांचेच खरे. आरंभी नमन आहे, वक्ता आहे, श्रोते आहेत, आणि श्रोते मध्येच शंका विचारतात. कादंबरी लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर या शंका फार मोलाच्या आहेत. कथा रेंगाळू लागली की कोणीतरी प्रश्न करतो आणि ऐकणारा पुन्हा सावरून बसतो. ही हातोटी स्टीफन्स युरोपातून घेऊन आला नव्हता. ती आपल्या पुराणिकांची आहे, आणि त्याने ती कान देऊन शिकली.

भाषेविषयी तो आपल्या प्रस्तावनेत जे सांगतो, ते प्रत्येक लेखकाने ध्यानात ठेवावे असे आहे. देवाच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य म्हणून आपण ती निवडली. पण जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि तिथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे आजच्या कोंकणीतले, सोपे शब्द तिच्यात मिसळले, असा त्याचा आशय आहे. ग्रंथाची भाषा आणि गावाची बोली यांची सांगड त्याने जाणूनबुजून घातली. त्याच बोलीत त्याने धर्मशिक्षणाचे पुस्तक केले, ते १६२२ मध्ये निघाले. तिचे व्याकरणही त्यानेच लिहिले. ते १६४० मध्ये छापले गेले आणि भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून ओळखले जाते. पवित्र आत्म्यासारख्या कल्पनेला तो युरोपी नाव तसेच ठेवतो, पण स्वर्गाला बेलाशक वैकुंठ म्हणतो. आमच्या झाडीपट्टीत शाळेतली मराठी निराळी आणि घरातली झाडीबोली निराळी. घरातल्या शब्दाला शाळेत हसू येते, आणि मूल मुके होते. त्या मुलासमोर रोज उभे राहणाऱ्या माणसाला, चारशे वर्षांपूर्वी एका परक्याने गावच्या बोलीला ग्रंथात मानाने बसवले, ही गोष्ट फार मोठी वाटते.

असे हे पुराण टिकले कसे, याची कथा पुराणाइतकीच ऐकण्याजोगी आहे.

१६१६ नंतर ते १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. म्हणजे तीनदा छापले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. स्टीफन्सच्या व्याकरणाची छापील प्रत लिस्बनच्या ग्रंथालयात सुखरूप आहे. लोकांसाठी लिहिलेले पुराण मात्र छापील रूपात नाहीसे झाले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक भाषा सोडून द्यावी. दैवगती कशी पाहा. ज्याचा धर्म त्याच्या मायदेशी निषिद्ध होता, तो माणूस जिथे आला तिथे दुसऱ्यांची पुराणे निषिद्ध झाली होती; आणि त्यांच्या जागी त्याने जे पुराण दिले, त्याची भाषा पुढे त्याच राज्याने निषिद्ध ठरवली.

मग ग्रंथ वाचला कोणामुळे? गोव्यातून जी ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कानड्यात, मंगळुराकडे जाऊन वसली, त्यांच्यामुळे. त्यांनी हाताने नकलून काढलेल्या प्रती बरोबर ठेवल्या. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत आणि घरच्या बैठकींत ते पुराण गाऊन म्हटले जाई. या समाजावर पुढे टिपू सुलतानाच्या काळी, १७८४ ते १७९९, श्रीरंगपट्टणच्या बंदिवासाची आपत्ती कोसळली. घरे गेली, माणसे गेली. तरीही शतकभराने, १९०७ मध्ये, मंगळूरचे जोसेफ साल्ढाणा यांनी हे पुराण पुन्हा छापायला घेतले, तेव्हा समाजात जपलेल्या हस्तलिखितांवरूनच त्यांना ते उभे करता आले. छापखान्याने जे गमावले, ते गाणाऱ्या घरांनी राखले.

आमच्या विदर्भात याला एक जोड आहे. रिद्धपूरच्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून कुलूपबंद ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी भावे-राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ते कुलूप उघडले, तेव्हा मराठीचे आद्य गद्य आपल्या हाती आले. तिथे पंथाने ग्रंथ लपवून राखला, आणि कानड्यातल्या ख्रिस्ती घरांनी तो गाऊन राखला. दोन्ही रीती आपल्याच. पण लपवलेल्या ग्रंथाला उघडणारा कोणी भेटावा लागतो. गायलेला ग्रंथ पोरेबाळे ऐकता ऐकता शिकतात.

साल्ढाणांची आवृत्ती रोमन लिपीत होती, कारण मूळ छपाईच रोमन लिपीत झाली होती. त्या लिपीत ट, ण, ळ यांसाठी अक्षरे नाहीत म्हणून तेच अक्षर दुहेरी लिहावे लागे, आणि नकलणाराचा हात कुठे एकेरी, कुठे दुहेरी चाले. अशा मजकुरातून मराठी शब्द सोडवणे हे तांदळातले खडे वेचण्यासारखे काम आहे. १९२३ मध्ये जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने लंडनमधल्या मार्स्डेन संग्रहात या पुराणाचे देवनागरी हस्तलिखित असल्याचे जाहीर केले. त्याचा पाठ रोमन पाठापासून ठिकठिकाणी वेगळा पडतो. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून संपूर्ण ग्रंथ देवनागरीत आणला. महाराष्ट्राच्या वाचकापुढे हे पुराण त्याच्या लिपीत उभे राहिले, ते लिहिल्यापासून ३४० वर्षांनी. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून निघाली, आणि २००९ मध्ये नेल्सन फाल्कांव यांनी आजच्या मराठी गद्यातल्या अनुवादासह ते पुन्हा प्रसिद्ध केले.

या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण रसिकाच्या बाजूने दोन गाऱ्हाणी मांडणे अवश्य आहे. पहिले असे की, अभ्यासकांची भांडणे बहुधा पाठाची आणि लिपीची आहेत. काव्य म्हणून हा ग्रंथ कुठे उजळतो आणि कुठे मंदावतो, हे सांगणारे फार थोडे. दुसरे असे की, ही पुस्तके मूलसारख्या गावी दुकानात मागून मिळत नाहीत. मला ती ओळखीच्या माणसांकरवी मागवावी लागली.

ती आल्यावर मी एक प्रयोग करून पाहिला. आमच्या भागात तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' घरोघर आहे. चिमूर-गोंदोड्याचा परिसर त्यांची तपोभूमी. त्यामुळे संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि ओवीचे वाचन इथल्या खेड्यांना नवे नाही. धान घरात आल्यावर, कामाची घाई सरलेली असताना, अशाच एका बैठकीत मी 'ख्रिस्तपुराणा'तल्या ओव्या त्याच चालीवर म्हणून दाखवल्या. पहिल्या पुराणातल्या राजांच्या आणि वंशांच्या नावांना मंडळी पेंगू लागली. खरे सांगायचे तर मीही कंटाळलो. अशी रुक्ष रानेच्या राने या ग्रंथात आहेत. उपदेशाची पुनरुक्तीही पुष्कळ आहे. पण क्रुसापाशी उभ्या असलेल्या आईच्या प्रसंगाला आलो, तेव्हा बैठक एकदम शांत झाली. एका आजीने विचारले, "ते माय कोनत्या गावची होय जी गुरुजी?" मी म्हटले, फार दूरच्या मुलखातली. त्यावर ती म्हणाली, "दूरची असन तं असन. मायचा जीव सारखाच रायते जी."

त्या आजीने फादर स्टीफन्सचे नाव ऐकले नव्हते आणि त्याने मराठीची स्तुती केली आहे, हेही तिला माहीत नव्हते. तिला ख्रिस्ती व्हायचे नव्हते, आणि तिला तसे करण्याचा माझाही मानस नव्हता. तिने एक आई ओळखली. चारशे वर्षांपूर्वीच्या ओवीला एवढे साधले, तर ती ओवी जिवंत आहे असेच म्हटले पाहिजे. चांगल्या धार्मिक वाङ्मयाची हीच परीक्षा मला वाटते: श्रद्धा नसलेल्याला किंवा निराळी श्रद्धा असलेल्यालाही त्यात बसायला जागा मिळाली पाहिजे. 'ख्रिस्तपुराण' या परीक्षेत सगळीकडे उतरत नाही. जिथे ते दुसऱ्यांच्या देवांचा धिक्कार करते, तिथे ती जागा उरत नाही. जिथे ते कथा सांगते, तिथे उरते. आणि त्यातला बराच भाग कथेचाच आहे.

हा वारसा तिथेच थांबला असे नाही. रेव्हरंड टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि ते अपुरे टाकून १९१९ मध्ये ते गेले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईने संसारात पडल्यावर अक्षरे गिरवली, तिने नवऱ्याचे महाकाव्य तडीला नेले. टिळक कॅथलिक नव्हते, पण ओवीच्या घराला पंथाची भिंत आड येत नाही. आणि आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीला दिले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा एक पाद्री मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा, असे विचारणारेही निघाले. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. मला वाटते, त्या विचारणाऱ्यांतल्या अनेकांना स्टीफन्सच्या त्या चार ओव्या पाठ असतील. पाद्र्याने आपली स्तुती केली की तो आपला, आणि तो आपल्या पंगतीला येऊन बसला की परका! फाडून जपलेल्या एका पानाचा हा परिणाम आहे. अख्खे पुस्तक वाचले असते, तर पंगतीत त्याचे पान चारशे वर्षांपासून मांडलेले आहे, हे कळले असते.

तेव्हा करावे काय? पुतळे आणि पुरस्कार यांची मला फारशी ओढ नाही. रोमन आणि मार्स्डेन या दोन्ही पाठांची ओवीगणिक तुलना करणारी सटीप प्रत सिद्ध व्हावी, हे विद्वानांचे काम. रिद्धपूरला आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. महानुभावांच्या अंगणातच या दुसऱ्या जपलेल्या ग्रंथाला आसन मिळाले, तर ते किती शोभेल! पण त्याहून निकडीचे काम लहान आहे. शंभर-दीडशे पानांचे, मोठ्या टाइपातले, खाली कठीण शब्दांचे अर्थ दिलेले, स्वस्त निवडक 'ख्रिस्तपुराण' हवे. त्यात कथा असाव्यात, आईचे दुःख असावे, पहिल्या अवस्वरातला तो पुराण मागणारा ब्राह्मण असावा, आणि ते पुराण त्याला का मागावे लागले, याची खरी हकीकत असावी. भाषेच्या स्तुतीच्या ओव्या त्यात नसल्या तरी चालतील. त्या पाठ आहेतच.

आणि तोवर आपल्या घरी करता येण्याजोगे एक आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुले-नातवंडे जमलेली असतात. फराळ झाल्यावर दुपार मोठी असते. कोणाच्या संग्रही, कोणा वाचनालयात हा ग्रंथ असेल, तर तो आणावा आणि एकच अवस्वर मोठ्याने म्हणावा. मनातल्या मनात वाचू नये; हा ग्रंथ डोळ्यांसाठी लिहिलेलाच नाही. कुठे शब्द अडेल, कोणी पोर हसेल, कोणी मध्येच प्रश्न विचारील. तो प्रश्न दडपू नये. साष्टीतल्या त्या माणसाने असाच मध्ये उठून प्रश्न विचारला, म्हणून तर हे पुराण झाले.